गरम खोलीतले बॉयलरचाचा

बॉयलरचाचा माणसाचं नाव विचारण्याआधी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे. समोर बँकेतला साहेब असो, नाहीतर बर्फाच्या गाडीवरचा हमाल. घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचे, आकडा सांगायचे आणि मग विचारायचे, "हां, आता बोल. कोणाचा तू?" बायकांच्या बाबतीत हे काम चाचीकडे असे. चाचीला कुणाचीच नाडी सापडत नसे. ती थोडा वेळ मनगट चाचपायची आणि "आहे, चालू आहे" म्हणून मोकळी व्हायची.

माझी नाडी चाचांनी पहिल्यांदा धरली तेव्हा त्या हातात पाना होता.

मिरकरवाड्याला जेटीजवळ माझं होड्यांच्या इंजिनांचं गॅरेज आहे. त्या दिवशी माझ्या धाकट्या भावाने, प्रकाशने, एक गॅस्केट उलटी बसवली आणि मी त्याला पाना मारला. पहिला फटका दंडावर बसला, दुसरा बरगडीवर. बरगडीचा आवाज मला ऐकू आला, तरी मी तिसऱ्यांदा हात उचलला. तो मागून कोणीतरी धरला. पंपाचं सील घ्यायला आलेले एक गृहस्थ होते. साठी ओलांडलेले, किडकिडीत, पांढरी दाढी, उंचीने माझ्या खांद्याएवढे. त्यांनी हात पिरगळला नाही की ओढला नाही. नुसती दोन बोटं मनगटावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"दीडशेच्या वर आहे," ते म्हणाले. "आत्ता तुला काय सांगून उपयोग नाय. आत्ता तू माणूस नाय, इंजिन आहेस. थंड झालास की राजिवड्याला ये. बॉयलरचाचाचं घर विचार, कोणीही दाखवील."

मग खाली वाकून प्रकाशला म्हणाले, "तू ऊठ बाबा. आधी एक्स-रे काढ. आणि ह्याच्याकडे परत कामाला येऊ नको." प्रकाश परत आला नाही. तो आता चिपळूणला असतो. माझ्याशी बोलत नाही.

मी चौथ्या दिवशी राजिवड्याला गेलो.

चाचांची बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली होती. बॉयलर हे नाव तिथूनच चिकटलेलं. जहाजावरची नोकरी सुटल्यावर ते दुबईत एका इमारतीतली गरम-थंड हवेची यंत्रं सांभाळत. त्या इमारतीत गरम योगाचा वर्ग होता. खोली चाळीस अंशांवर ठेवायची आणि लोकांनी तीत तासभर आसनं करायची. खोली गरम ठेवणं हे चाचांचं काम. "मी व्हॉल्व्हपाशी बसून काचेतून बघायचो," ते सांगायचे. "ज्या गरमीला आम्ही जहाजावर शिव्या घालायचो, ती हे लोक पैसे मोजून घेतायत. म्हटलं, येडे आहेत सगळे. मग एक दिवस लक्षात आलं, ही माणसं भांडत नायत. आमच्याकडे तेवढ्याच गरमीत रोज डोकी फुटायची. म्हटलं, ह्यांना काय तरी ठाऊक आहे जे आम्हाला नाय." शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना मागच्या रांगेत उभं राहू दिलं. सहा वर्षं ते मागच्या रांगेत उभे राहिले.

परत आल्यावर त्यांनी घरामागची जाळी ठेवायची चिऱ्याची खोली रिकामी केली. आतून फळ्या मारल्या, खाली गुळगुळीत फरशी घातली. बाहेर लग्नकार्यात पाणी तापवतात तसला दांडगा बंब बसवला आणि त्याची वाफ लोखंडी नळीने भिंतीच्या कडेकडेने आत फिरवली. गावाला चेष्टेला विषय मिळाला. "चाचा, रत्नागिरीत कसला गरम योगा? मे महिन्यात एसटी स्टँडवर उभे करा की सगळ्यांना!" चाचा शांतपणे म्हणायचे, "स्टँडवर गरमी आहे रे, पण तिथे कधी ना कधी एसटी येते. माझ्याकडे काय येत नाय. माझ्याकडे थांबायला लागतं."

पहिल्या दिवशी मी अकराव्या मिनिटाला ओकलो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांत असे गोळे आले की मी ओरडलो. तिसऱ्या दिवशी वेगळंच झालं. माझ्या शेजारी एक कॉलेजातले प्राध्यापक उभे असत. ते जोरजोरात श्वास घेत. सगळ्यांनी हात वर करून कमरेत वाकायचं होतं, आणि माझ्या मनात आलं की ह्या माणसाचं डोकं धरून फरशीवर आपटावं. नुसतं मनात आलं नाही. माझे हात तिकडे वळले होते. नळीतून वाफ फुसफुसत होती, डोळ्यांत घामाचं मीठ उतरत होतं, आणि त्या बिचाऱ्या माणसाचा गुन्हा एवढाच की तो श्वास घेत होता.

चाचांनी ते पाहिलं. लांबूनच ओरडले, "विनायका, तोंड मीट! तोंड उघडं राहिलं की भांडण सुरू. नाकाने घे, नाकाने सोड. आलाय ना राग? येऊ दे. बघ त्याच्याकडे. मारायचं नाय आणि पळायचं नाय."

वर्ग संपल्यावर सगळे बाहेरच्या पडवीत बसत. चाची मीठ घातलेलं आमसुलाचं पाणी देई. तेव्हा चाचा शरीराविषयी बोलत, आणि ते बोलणं इंजिन उघडून दाखवल्यासारखं असे. अंग तापलं की रक्त कातडीकडे धावतं, घाम काढून अंग थंड करायला. मग आत रक्त कमी पडतं, म्हणून हृदय पळतं. हृदय पळालं की मेंदूला वाटतं, कोणीतरी अंगावर आलंय. "आता समोर बिबट्या आहे की बंब, हे शरीराला कळत नाय," ते म्हणायचे. "ते आपलं एकच जाणतं. मूठ आवळ, जबडा आवळ, कान बंद कर. कान सगळ्यात आधी बंद होतात बरं का. म्हणून भांडणात कोण काय बोललं ते कोणालाच धड आठवत नाय." मग बोट उगारून सांगायचे, "आणि एक. घाम थांबला आणि गरमीत अंगावर काटा आला, तर ते शूरपण नाय. मशीन जळायला लागलंय. पहिला बाहेर!"

हे ज्ञान त्यांनी फुकट मिळवलेलं नव्हतं. एकदा मी त्यांना विचारलं, "चाचा, तुम्ही कधी कोणाला मारलंय?" ते आमसुलाचा पेला हातात फिरवत बसले. मग सांगितलं. जहाजावर पंखे बंद पडले होते. इंजिनरूममध्ये अठ्ठेचाळीस अंश. चार दिवस कोणी धड झोपलं नव्हतं. एका सोबत्याने त्यांचं प्यायचं पाणी तोंडावर मारायला वापरलं. "मी त्याचा हात धरला आणि गरम पाइपावर दाबला," चाचा म्हणाले. "दाबून धरला. तो ओरडत होता आणि मी आकडे मोजत होतो. सातापर्यंत मोजल्याचं आठवतं मला. कातडी पाइपाला राहिली. त्याची बोटं पुढे उघडली नायत." मी म्हणालो, "गरमी तशी होती, चाचा." ते एकदम चिडले. "गरमीने केलं असं मी बोललो? मी केलं. गरमीने नुसतं झाकण उडालं. आत जे होतं ते माझंच होतं."

मी माझ्या बायकोवरही हात टाकलेला आहे. हे इथे लिहिलं नाही तर बाकी लिहिण्याला काही अर्थ नाही. चार वेळा, आणि एकदा तिच्या कानातली कुडी तुटेपर्यंत. चाचांकडे जायला लागल्यापासून ते थांबलं. मला बदल जाणवला नव्हता, संध्यालाच आधी जाणवला. एक दिवस भाजी निवडता निवडता वर न बघता ती म्हणाली, "आता तुम्ही दार हळू लावता." एवढंच. त्या एका वाक्यासाठी मी चाचांचे पाय धरायला हवे होते. त्याऐवजी मला गर्व झाला.

तो कशाचा झाला तेही सांगतो. वर्गाचा नियम एकच होता. ज्याला झेपत नाही त्याने "बस" म्हणायचं आणि बाहेर जायचं. का, कशाला, कोणी विचारायचं नाही. आणि कुणाचं अंग हाताबाहेर जातंय असं दिसलं की चाचा स्वतः त्याच्यापाशी जाऊन हळूच म्हणायचे, "बस." त्यांच्या घरात बस म्हणजे पुरे. ताटावर हात आडवा धरून आपण म्हणतो तसं. आठ महिन्यांत मी एकदाही बस म्हटलं नव्हतं, आणि चाचांवर मला ते म्हणायची वेळही आली नव्हती. बाकीचे कौतुक करायचे. चाचा नाही करायचे. "बस न म्हणणारा माणूस मला आवडत नाय," ते मला म्हणाले होते. "ज्याला सेफ्टी व्हॉल्व्ह नाय त्या बॉयलरशेजारी मी झोपत नाय." मी हसलो होतो.

माझ्या घरात त्याच शब्दाचा अर्थ वेगळा होता. माझे वडील तांडेल होते, होडीवर त्यांचा शब्द चालायचा आणि घरातही. मारायचं ठरलं की ते आधी म्हणायचे, "बस!" उभा मुलगा पळतो, बसलेला पळत नाही, असा त्यांचा हिशेब. मी खाली बसायचो. ते मागे जाऊन उभे राहायचे. मग ओली दोरी यायची, पहिली नेहमी मानेवर. किती येणार ते कधीच ठाऊक नसायचं. हे मी चाचांना कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही मला वाटलं नव्हतं.

आता सुलभाविषयी सांगायला हवं. सुलभा वर्गाची फरशी पुसायची. दहाबारा माणसांचा घाम गळला की फरशीवर पाय ठरत नसे, म्हणून मध्ये एकदा आणि शेवटी एकदा ती कोरड्या फडक्याने गुडघ्यांवर बसून सगळी खोली पुसून काढी. चाचा म्हणायचे, "मी चुकलो तर कोणाला चक्कर येईल. सुलभाबाय चुकली तर कोणाची कवटी फुटेल. खरी मास्तरीण ती." ती फडकं पिळत म्हणायची, "मग पगार पण मास्तरणीचा द्या की." अशी हसतीखेळती बाई. राजिवड्यातल्या आणखी चार घरांत तिचं काम होतं.

त्या दिवशी मी सकाळपासून एका होडीच्या पोटात शिरून इंजिन जोडत होतो. पाणी प्यायलो नव्हतो, जेवलोही नव्हतो. तसाच वर्गाला गेलो. तास संपला, सगळे पडवीत गेले. मी मागे राहिलो. अलीकडे मी मुद्दाम राहायचो, आणखी दहा मिनिटं, गर्व दुसरं काय. सुलभाने माझ्याभोवतीची सगळी फरशी पुसली आणि म्हणाली, "दादा, पुरे करा आता, काय मेडल मिळणार आहे काय?" आणि फडकी वाळत घालायला बाहेर गेली. मी उत्कटासनात होतो. खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं, गुडघे वाकवून, हात वर. मांड्या थरथरत होत्या. डोळ्यांपुढे बोगदा झाला होता. कानात समुद्रासारखा आवाज येत होता. अंगावर काटा उभा राहिला होता, आणि मला ते बरं वाटत होतं.

चाचा मागून आले. मला न्यायला आले होते हे मला आता कळतं. त्यांनी माझ्या मानेवर दोन बोटं ठेवली आणि कानाशी म्हणाले, "बस."

माझं कोपर मागे गेलं. ते मी नेलं असं म्हणायला हवं. सगळ्या ताकदीने, कमरेपासून वळून, इंजिनाचं हँडल मारतात तसं. ते चाचांच्या डाव्या कानाखाली बसलं. ते उडाले आणि त्यांचं डोकं वाफेच्या नळीच्या लोखंडी जोडावर आपटलं. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. मी तरी थांबलो नाही. वळलो आणि खाली पडलेल्या माणसाला लाथ मारली. पोटात. मग दुसरी. दुसऱ्या लाथेच्या वेळी मी त्यांचा चेहरा पाहिला होता. वडील नव्हेत, चाचा आहेत, हे मला दिसत होतं, आणि पाय निघाला होता. पहिल्या फटक्याचं खापर मी माझ्या शरीरावर फोडू शकेन. दुसऱ्या लाथेचं नाही. हे मी आता पोलीस ठाण्यातही असंच लिहून दिलं आहे.

त्यांच्या कानातून रक्त येत होतं. ओल्या फरशीवर पसरतं तसं ते पसरलं नाही. गोल थेंबांनी उभं राहिलं. फरशी अगदी कोरडी होती.

आवाज ऐकून सगळे आत धावले. चाचा शुद्धीवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि म्हणाले, "घसरलो. फरशी ओली होती."

दारात सुलभा उभी होती. तिच्या खांद्यावर फडकं होतं. ती म्हणाली, "ओली? आत्ता पुसून गेले मी." कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. चाचांना उचलून रिक्षात घालताना चाची तिच्या अंगावर धावून गेली. "तुझ्या हाताला काय लकवा भरला होता काय गो? माझ्या माणसाचं डोकं फोडलंस!" सुलभा रडत सांगत होती, "चाची, शपथ घेते, पुसली होती मी. विनूदादा होते ना आत! दादा, सांगा ना!"

माझ्या सदऱ्यावर चाचांचं रक्त होतं. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

चाचांचा डावा कान गेला, आणि कानाच्या आत असतो म्हणतात तो शरीराचा तोलही गेला. वर्षानुवर्षं एका पायावर उभं राहायला शिकवणारा माणूस, त्याला दोन पायांवर उभं राहिलं तरी घर फिरू लागलं. भिंत धरून संडासला जायचे. वर्ग बंद झाला. बंब विकला. आणि सुलभाचं नाव राजिवडाभर झालं. जिच्या हलगर्जीपणाने चाचा पडले ती. एकेक करून चारही घरांनी तिला नको सांगितलं. ती कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जायला लागली, बर्फात हात घालून.

मी रोज संध्याकाळी चाचांकडे जायला लागलो. त्यांचा दंड धरून त्यांना फिरवायचो, कधी गाडीत घालून आरे-वारेला न्यायचो. वाळूवर त्यांना जरा बरं वाटे, पडलं तरी लागत नाही म्हणून. लोक बघायचे. मशिदीतून येणारे म्हातारे मला थांबवून म्हणायचे, "पोटचा मुलगा करणार नाय एवढं करतोस." मी मान खाली घालायचो, आणि त्यांना तो नम्रपणा वाटायचा. चाचा माझ्या दंडाला धरून उभे असायचे.

दोन महिन्यांनी मीच विषय काढला. आरे-वारेच्या वाळूवर बसलो होतो. मी म्हणालो, "चाचा, खोटं का बोललात?"

ते उजवा कान माझ्याकडे करून म्हणाले, "तुला पोलिसांनी नेलं असतं. आठ महिने घालवून तुझं एक झाकण बसवलं होतं, तिथे आत गेल्यावर कोण बसवणार? म्हटलं, राहू दे." मग म्हणाले, "पण त्यात मी सुलभाला धरलीच नव्हती रे. तोंडातून निघून गेलं आणि मग दिसली ती दारात. मी एक खोटं बोललो आणि दुसऱ्याच्या मानेवर पाय दिला."

चाचांनी तिला दोनदा निरोप पाठवला होता, घरकामाला ये म्हणून. तिने सांगून पाठवलं होतं, "फरशी कोरडी होती एवढं कोणीतरी चार लोकांत बोला. मग येते. नायतर नाय."

"मग मी बोलू?" चाचांनी मला विचारलं. "मी बोललो तर लोक विचारतील, मग पडलास कसा? मला तुझं नाव घ्यायला लागेल. ते तू घ्यायला हवंस, विनायका. मी थांबतो."

मी म्हणालो, "सांगतो, चाचा. ह्या आठवड्यात सांगतो."

ते थांबले. ते पुढे एकदाही विचारायला आले नाहीत, आणि त्याने मी जास्त जळलो. रोज त्यांना घरी सोडताना ते क्षणभर माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "उद्या येतो." वर्षभर मी उद्या येतो म्हणत राहिलो. सांगितलं असतं तर काय झालं असतं? गॅरेज गेलं असतं कदाचित. संध्याने पुन्हा दाराच्या आवाजाकडे कान लावले असते. आणि ते म्हातारे मला पोटचा मुलगा म्हणाले नसते. एवढ्यासाठी मी एका बाईचे हात बर्फात ठेवले.

चाचा गेले त्या दिवशी मी दापोलीच्या बाजूला एका होडीचं काम करत होतो. सकाळी ते मागच्या दारी नमाजाआधीचे हातपाय धुवायला, वजूला बसायला गेले, तोल गेला आणि पायरीवरून खाली विहिरीच्या कट्ट्यावर पडले. जागच्या जागी गेले. मी पोहोचलो तेव्हा जनाजा निघत होता. लोकांनी बाजूला होऊन मला खांदा देऊ दिला. कोणीतरी मागून म्हणालं, "द्या त्याला, त्याचा हक्क आहे." ते चौदा महिन्यांपूर्वी पडले होते ते माझ्या कोपराने, आणि आज पडले तेही त्याच कोपराने. मी त्यांना कबरस्तानापर्यंत नेलं.

चाळिसावा दिवस झाल्यावर मी चाचीकडे गेलो. ती ओट्यावर बसून बांगडे साफ करत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कोपर, नळी, लाथा. दोन्ही लाथा. ती आधी हसली, काहीतरी ऐकण्यात चूक झाल्यासारखी. मग सुरी खाली ठेवली. हात न धुता उठली आणि माझ्या तोंडात मारली. मग परत मारली. मारत राहिली, रडत नव्हती, दम लागेपर्यंत मारत राहिली. माशाचं रक्त आणि खवले माझ्या गालांना लागले. माझी नाडी पळत होती, जबडा आवळला होता, मुठी वळल्या होत्या, सगळं होतं तसंच होत होतं. मी हात खाली ठेवले. त्यात माझी काही बढाई नाही. ज्याने ते शिकवलं त्याला मी मारून बसलो होतो.

ती थकून खाली बसली. "आणि मी त्या पोरीला काय काय बोलले," ती म्हणाली. "वर्षभर शिव्या घातल्या तिला. मेल्या, तू माझ्या हातचं पाणी पीत होतास तेव्हा!" मी म्हणालो, "मी पोलिसांत जातोय, चाची." ती म्हणाली, "कुठे जायचं तिथे नंतर जा. आधी तिच्याकडे चल." तिने हात धुतले, बुरखा घातला आणि रिक्षा थांबवली. रिक्षात ती माझ्या शेजारी बसली आणि वाटभर बाहेर बघत राहिली. तोंड धुवायला मला तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शेडमध्ये तीसचाळीस बायका लांब टेबलांना उभ्या राहून कोळंबी सोलत होत्या. बर्फाचं पाणी सगळीकडे वाहत होतं. सुलभा मधल्या टेबलाला होती. तिची बोटं पांढरी पडून सुजली होती. आम्हाला बघून तिने हात थांबवला नाही. चाची म्हणाली, "सुलभा, हा काय सांगतोय ते ऐक."

मी म्हणालो, "सुलभा, फरशी कोरडी होती. चाचा घसरले नाहीत. मी त्यांना मारलं."

बाजूच्या बायकांचे हात थांबले. सुलभाचा थांबला नाही. "काय म्हणालात?"

"फरशी कोरडी होती."

"त्या कोपऱ्यातल्यांना ऐकू नाय गेलं," ती म्हणाली. "त्यांच्यातल्या दोघी राजिवड्याच्या आहेत. मोठ्याने बोला."

मी मोठ्याने बोललो. शेड पत्र्याची होती, आवाज घुमला. आता सगळ्याच थांबल्या होत्या. कोणीतरी मशीन बंद केलं. सुलभाने मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्याच्यावरच्या खवल्यांकडेही पाहिलं. मला वाटलं, आता ही मारेल. मला ते हवंही होतं.

"चाचांना ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"होतं. ते माझी वाट बघत होते."

तिने हातातली कोळंबी टोपलीत टाकली. मग चाचीला म्हणाली, "चाची, तुम्ही बसा, चहा सांगते तुमच्यासाठी." आणि मला म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा जरा. वजन करणारा येतोय, मला टोपली भरायची आहे."